खालच्याचा शब्द

मंगळवार, चौदा मे. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वॉरगल गावाच्या बाहेर, जुन्या डेअरीच्या रस्त्यावरच्या एका घराच्या मागच्या अंगणात सायप्रसची साडेतीन मीटर लांबीची फांदी कपडे वाळत घालायच्या फिरत्या दांडीवर कोसळली. दांडीच्या चार हातांपैकी एक वाकला. त्या हातापासून दोन पावलांवर त्र्याऐंशी वर्षांच्या थेल्मा कूट्स उभ्या होत्या. हातात उशीचा ओला अभ्रा, दातांत लाकडी चिमटा. कुणालाही लागलं नाही.

फांदी कापली जानेल पास्कोनं. ती चौदा मीटर उंचीवर, कमरेच्या पट्ट्याच्या आधारानं खोडाला टेकून उभी होती. फांदी सोडायला सांगितलं तिच्या थोरल्या भावानं, नेवनं. तो झाडाखाली उभा होता.

पास्कोंचा धंदा लहान आहे. झाडं कापायची, बुडखे काढायचे, जमीन सपाट करून द्यायची. माणसं तीन, पिकअप एक, फांद्यांचा भुसा करणारा चिपर एक, ट्रेलरवर बसणारं छोटं पोकलेन एक. नेव साठ वर्षांचा आहे. एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत झाडावर तोच चढायचा. मग उजवा खांदा कायमचा गेला. तेव्हा जानेल शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच बांधायची. दुसरा माणूस मिळेपर्यंत दोन आठवडे मदत करते म्हणून ती आली. त्याला एकोणीस वर्षं झाली. पोकलेन चालवतो टेविता. तो टोंगाचा, पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप. नेवला तो काका म्हणतो आणि नेव दर वेळी म्हणतो, "काका कुणाला म्हणतोस? तुझ्या मुलांपेक्षा माझी कंबर लवचिक आहे."

त्यांच्या कामाची एक पद्धत आहे आणि ती नेवनं घालून दिली आहे. शेवटचा काप घ्यायच्या आधी झाडावरचा माणूस विचारतो, "सोडू?" खालचा माणूस चारी बाजूंना बघतो आणि म्हणतो, "सोड!" मधे दुसरं कुणी बोलायचं नाही. वरच्याला पानांमधून खालचं नीट दिसत नाही, म्हणून खालच्याचा शब्द शेवटचा. वरच्यानं त्यावर वाद घालायचा नाही, विचार करायचा नाही, कापायचं. नवीन माणूस कामावर आला की नेव त्याला पहिल्या दिवशी चहा देतो आणि हे सांगतो. चेनसॉला हात दुसऱ्या दिवशी.

कूट्स बाईंचं काम चार दिवसांचं होतं. घरामागचे तीन सायप्रस पाडायचे, बुडखे उपटायचे, जमीन खणून त्यात खडी-मुरूम दाबायचा आणि पाण्याच्या नव्या टाकीसाठी ओटा घालायला सपाट जागा करून द्यायची. नेव आणि जानेल दोघंही त्यांच्या हाताखाली तिसरी शिकलेले. त्यामुळे त्या अजूनही बाईच. सोमवारी पहिलं झाड पडलं. त्याच्या पोकळीत मांजराएवढे दोन पॉसम निघाले. त्यांना पेटीत घालून ती पेटी कुंपणाजवळच्या झाडावर बांधली, त्यात दीड तास गेला. मंगळवारी सव्वासातला तिघं पुन्हा आले. पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून कुठं काय पडणार, कोण कुठं उभं राहणार हे नेवनं वाचून दाखवलं. तिघांनी सह्या केल्या. फांद्या पडायच्या जागेभोवती चार केशरी शंकू ठेवले. नेव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बाईंना म्हणाला, "जेवायच्या वेळेपर्यंत मागं यायचं नाही, बाई." बाई म्हणाल्या, "मला काय हौस आहे?"

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पण चार दिवस धुकं होतं. दहाच्या सुमाराला ऊन पडलं आणि धुण्याच्या मशीनमध्ये उशांचे सहा अभ्रे होते.

त्याच वेळी टेविता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला फावड्यानं हळूहळू माती काढत होता. खणण्याआधी जमिनीखालच्या तारांचा आणि नळांचा नकाशा मागवायचा असतो. तो त्यांनी मागवला होता. नकाशात एकच वीजवाहिनी होती. पण बाईंच्या नवऱ्यानं, कै. अ‍ॅलेक कूट्सनी, चाळीसएक वर्षांपूर्वी शेडमध्ये दिवा हवा म्हणून स्वतःच एक तार पुरली होती. कुठून पुरली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पोकलेन बंद आणि फावडं चालू. चिपरही बंद होता. त्यात दहा वाजता प्लॅस्टिकची जुनी दोरी अडकली होती. नेवनं तो बंद करून दोरी उपसली आणि तो शंकूंपाशी परत आला.

थोडक्यात, दहा वाजून वीस मिनिटांनी अंगणात एकही यंत्र चालू नव्हतं. जानेलच्या हातातली करवतसुद्धा सुरू असली तरी संथ गुरगुरत होती, कारण तिला विचारायचं होतं.

तिनं पानांमधून काहीतरी पांढरं हललेलं पाहिलं. तिनं विचारलं, "बाई कुठंयत?"

नेव म्हणाला, "सोड!"

आणि जानेलनं कापलं.

फांदी खालच्या एका तुटक्या टोकावर आपटली, वळली, आणि शंकूंच्या बाहेर दांडीवर पडली.

*

जानेल तीन मिनिटांत खाली आली. हेल्मेट काढलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज रोजचाच होता.

"मी काय विचारलं?"

"सोडू का म्हणालीस," नेव म्हणाला. "मी सोड म्हणालो. मी बघितलं तेव्हा इथं कुणी नव्हतं. बाई नंतर आल्या असणार."

"मी म्हणाले, बाई कुठंयत."

"नाही म्हणालीस."

"टेविता?"

टेविता फावडं हातात घेऊन पाच पावलांवर येऊन उभा राहिला होता. तो मातीकडं बघत म्हणाला, "बाई कुठंयत, असंच म्हणाली ती, काका."

"तू पोकलेनमध्ये होतास. तुला काय ऐकू येणार?"

"मी खड्ड्यात होतो. तार शोधत होतो."

"चिपर चालू होता ना," नेव म्हणाला. "त्या चिपरच्या आवाजात..."

तो थांबला. तिघंही चिपरकडं बघत होते. उपसलेली दोरी त्याच्या तोंडाशी पडली होती. चिपर त्यानंच बंद केला होता.

मग मागच्या दारातून बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. वाटेत त्यांनी गवतावर पडलेला चिमटा उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"अभ्रे वाचले," त्या म्हणाल्या. "दांडीचं काही नाही, ती तशीही करकर करायची. चूक माझी. तू सांगितलं होतंस, नेव्हिल."

"चूक तुमची नाही, बाई," जानेल म्हणाली.

"मग वाटून घ्या. साखर कुणाला?"

नेवनं काही उत्तर दिलं नाही. तो पाठमोरा उभा राहून दोरी गुंडाळत होता. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. मग बाईंनी जानेलकडं पाहिलं आणि आवाज न बदलता त्या म्हणाल्या, "आमचा अ‍ॅलेक शेवटच्या वर्षांत कशालाही हो म्हणायचा. माझ्या तोंडाकडं बघायचा आणि हो म्हणायचा. एकदा मी विचारलं, चहात विष घालू का? म्हणाला, हो, दोन चमचे."

टेविता हसला आणि लगेच गप्प झाला. नेव वळला. सगळे हसताना दिसले म्हणून तोही हसला.

जानेलनं ते पाहिलं. नंतर तिनं टेविताला सांगितलं की फांदी पडली तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती.

*

अकराला तिनं सरकारी सुरक्षा कार्यालयाला फोन केला. असं काही झालं की कळवावं लागतं. पलीकडच्या बाईनं नीट ऐकून घेतलं, फोटो काढून ठेवायला सांगितले आणि तीन प्रश्न विचारले. वर कोण होतं? खाली कोण होतं? खालच्या माणसाची ऐकण्याची तपासणी शेवटची कधी झाली?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जानेलकडं नव्हतं. "बघून सांगते," ती म्हणाली.

"तपासणी करून पत्र पाठवा," पलीकडची बाई म्हणाली. "त्यांना झाडाखालचं काम करता येईल, असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. पत्र येईपर्यंत त्यांना झाडाखाली उभं करू नका. बाकी कामं करू देत."

अर्धवट कापलेलं झाड तसंच ठेवता येत नव्हतं. संध्याकाळी वारा सुटेल असा अंदाज होता आणि वर दोन फांद्या अर्ध्या कापलेल्या होत्या. तेवढ्या उतरवायची परवानगी फोनवर मिळाली. म्हणजे खाली कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

"टेविता," जानेल म्हणाली.

"तो?" नेव म्हणाला. "त्यानं आजवर एकही फांदी सोडायला सांगितलेली नाही. त्याचा आवाज शेजारच्या खुर्चीत ऐकू येत नाही. चर्चमध्ये गातो तेव्हा तेवढा येतो."

"मग गाऊ देत."

"जानेल, मी इथंच उभा राहतो. माझ्याकडं बघ. हातानं खूण करतो. मला काही..."

"तू पोकलेनमध्ये बस."

"पोकलेन बंद आहे."

"बंद पोकलेनमध्ये बस."

तो बसला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा झाडावरचं काम त्या केबिनमधून पाहिलं. काचेला धूळ होती, ती त्यानं बाहीनं पुसली. जानेल चढली. टेविता शंकूंपाशी उभा राहिला, बाई आत गेल्याची खात्री त्यानं दोनदा जाऊन केली, स्वयंपाकघराचं दार स्वतः लावून घेतलं.

"सोडू?"

टेवितानं पुढं पाहिलं, मागं पाहिलं, कुंपणापलीकडं पाहिलं, आकाशाकडंही पाहिलं.

"सोडू का, टेविता? उद्या सोडू?"

"सोड," टेविता म्हणाला.

"मोठ्यानं."

"सोड!"

तरी तिनं कापलं नाही. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कापलं. ज्या दोन फांद्या उतरवायला नेवबरोबर दहा मिनिटं लागली असती त्यांना पस्तीस मिनिटं लागली. नेव पूर्ण वेळ केबिनमध्ये गुडघ्यांवर हात ठेवून बसून होता.

*

साडेचारला ते आपल्या धंद्याच्या शेडवर परतले. टेविता मुलांना घ्यायला गेला. नेव बाकावर बसून चेनसॉच्या साखळीला धार लावायला लागला. हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नाही. प्रत्येक दाताला कानस तीनदा, तिन्ही वेळा एकाच दिशेनं. जानेल समोर उलटी बादली ठेवून बसली. त्याला तोंड दिसेल अशी बसली.

"कधीपासून?"

"काय?"

"नेव."

तो दोन दात पुढं गेला. मग म्हणाला, "दोन हिवाळे झाले असतील. पक्ष्यांचं आधी गेलं. मला वाटलं मॅगपाय या वर्षी कमी आलेत."

"मार्चमध्ये हेल्मेटमधले रेडिओ बिघडले तेव्हा तू म्हणालास दुरुस्त करू नको. आपल्याला गळा आहे म्हणालास."

"रेडिओत नुसतं तळल्यासारखं ऐकू यायचं. मला वाटलं तुलाही तसंच येतं."

"मला सगळं स्वच्छ ऐकू यायचं."

"हं."

"मग गेली दोन वर्षं तू मला सोड म्हणत होतास ते कशावर? मी वर असते. माझं तोंड जाळीमागं असतं. तुला दिसतं काय?"

नेवनं कानस खाली ठेवली. "तुझं कोपर," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचा काप घ्यायच्या आधी तू उजवं कोपर वर घेतेस. पहिल्या दिवसापासून घेतेस. मी तेव्हाच सांगणार होतो की हात दुखेल. कोपर वर गेलं की तू विचारणार. मग मी चारी बाजूंना बघतो, आणि सांगतो. बघतो मात्र खरंच. ते कधी चुकवलं नाही."

"आज?"

"आज बघितलं होतं. मग कोपर वर गेलं. मग मी सांगितलं. मधल्या वेळात बाई आल्या."

"मी कोपर वर घेतलं कारण मला पान बाजूला करून बघायचं होतं."

"ते मला कसं कळणार?"

"विचारलं असतं तर कळलं असतं!" ती एकदम ओरडली आणि मग तोंडावर हात ठेवून बसली. हात काढून ती हळू म्हणाली, "माझंही तसंच झालं. मी विचारलं बाई कुठंयत, उत्तर आलं सोड. हे उत्तर त्या प्रश्नाचं नाही. लहान पोराला कळेल. पण शब्द ऐकला आणि बोट दाबलं गेलं. मी विचारच केला नाही. तूच शिकवलंस, विचार करायचा नाही."

नेव तिच्या ओठांकडं बघत होता. शेवटचं वाक्य त्याला कळलं की नाही हे तिला समजेना. तिनं ते पुन्हा म्हटलं नाही.

"बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून कानांवर काही न घालता करवत चालवली," नेव म्हणाला. "तेव्हा कुणीच घालत नव्हतं. घातलं तर हसायचे. आता मला घरी पाठवणार का?"

"तुला पोकलेन येतं."

"पोकलेन टेविताचं आहे."

"टेविता खाली उभा राहील."

"टेविताला झाड कळत नाही, जानेल. फांदी कुठं वळेल ते त्याला दिसत नाही. मला आधी दिसतं. ऐकू येत नाही, पण दिसतं. तू वर लटकलेली असतेस. तुझ्याखाली कोण उभं आहे याचा मी एकोणीस वर्षं..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि कानस उचलली. "गुरुवारी जातो तपासायला. कुठल्या गुरुवारी जागा आहे ते बघ. फोन तूच कर."

*

जागा पुढच्या गुरुवारची, तेवीस तारखेची मिळाली. मधल्या दिवसांत बाईंच्या अंगणातलं काम पुढं सरकलं. दुसरं झाड उरलेल्या फांद्यांसह उभंच ठेवून त्यांनी पडलेल्या झाडाचा बुडखा काढला. अ‍ॅलेकची तार सापडली. बुडख्याच्या मुळांमधूनच गेली होती आणि अजून चालू होती. वीजवाल्याला बोलवून ती तोडून घेतली. पोकलेन नेवनं चालवलं. त्याला ते टेविताइतकं सफाईनं येत नाही. त्यानं एकदा गुलाबाचं झुडूप चिरडलं आणि बाईंनी ते खिडकीतून पाहिलं.

उरलेली दोन झाडं थांबली. दोघांच्या जोरावर उंच झाड घ्यायचं नाही, असं जानेलनं ठरवलं होतं. टेविता खाली उभा राहायला तयार होता. दर रात्री तो मुलांकडून "सोडू?" म्हणवून घेत होता आणि बायको वैतागली होती. पण लहान झाडांच्या फांद्यांखाली उभा राहिला की तो फार बघत बसायचा आणि त्याला घाम फुटायचा. "काकांच्या जागी मला उभं करू नकोस," त्यानं जानेलला शेवटी सांगितलं. "कुणी दुसरा आण. नाहीतर त्यांना परत आण. माझ्या शब्दावर कुणाला काही झालं तर मी ते घेऊन घरी जाऊ शकणार नाही."

दुसरा होता. ड्रुइनचा ग्लिन नावाचा एक जण बारा वर्षं मोठ्या कंपनीत झाडाखाली काम केलेला होता, मोकळा होता. जानेलनं त्याच्याशी बोलून घेतलं. माणूस बरा वाटला. तिनं सात जूनपर्यंत सांगते म्हटलं, कारण त्याच दिवशी शायरला, म्हणजे तिथल्या पालिकेला, रस्त्याकडेच्या झाडांच्या वर्षभराच्या कामासाठी टोळीची नावं द्यायची होती. वर कोण, खाली कोण. एकदा दिलेली नावं वर्षभर बदलत नाहीत. ग्लिनचं तिनं नेवला सांगितलं. लपवलं नाही.

"ग्लिन," नेव म्हणाला. "उंच आहे तो?"

"मध्यम."

"हं."

तेवीसला तपासणी झाली. वरच्या पट्टीचं ऐकणं बरंच गेलं होतं, खालच्या पट्टीचं ठीक होतं. बाईमाणसाचा आवाज, पक्षी, शिट्टी, हे सगळं गेलेल्या भागात येतं, असं तपासणाऱ्या मुलीनं कागदावर रेघ काढून समजावलं. कानांची मशीनं वापरली तर बराच फरक पडेल. पण वरून आवाजरोधक मफ घातले की मशीनं शिट्टी मारतात, त्यासाठी कानाच्या मापाचे वेगळे साचे बनवावे लागतात. तिनं सध्यापुरती तयार साच्यांची एक जोडी दिली. पत्राचं विचारल्यावर ती म्हणाली, ते डॉक्टर लिहितील.

दवाखान्याच्या बाहेर पडल्यावर नेवनं पिकअपमध्ये बसून किल्ली फिरवली आणि तो म्हणाला, "हा आवाज कसला?"

"कुठला?"

"हा. टिक टिक."

"इंडिकेटर. तू मघाशी चालू ठेवलास."

"हा रोज वाजतो?"

"रोज."

*

शनिवारी सकाळी शेडच्या अंगणात त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. कल्पना नेवची. जानेल टाकीवरच्या शिडीवर, आठ मीटरवर, तोंडावर जाळी. नेव खाली, तिच्याकडं पाठ करून. कोपर दिसायला नको म्हणून पाठ त्यानंच केली. टेविता खोक्यावर बसून कागदावर खुणा करणार. वीस प्रश्न. नेवनं प्रत्येकाचं उत्तर द्यायचं.

"आईचा वाढदिवस कधी?"

"नऊ ऑगस्ट!"

"पिकअपचा कुठला टायर बसलाय?"

"मागचा डावा, आणि तू तो भरणार होतीस!"

"माझ्या लग्नात भाषण करताना कुणाचं नाव चुकलास?"

"नवऱ्याचं! पण पुढं तो टिकला नाही, म्हणजे फार चुकलो नाही!"

टेविता खोक्यावरून पडायचा बाकी राहिला. वीसपैकी अठरा. नेवनं टोपी काढून टेविताला अभिवादन केलं.

मग मफ घातले, चिपर चालू केला आणि पुन्हा वीस प्रश्न झाले. या वेळी गंमत कमी होती. नेवनं मान एका बाजूला झुकवली, डोळे मिटले. एकदा त्यानं "सोड!" म्हटलं. प्रश्न होता, "पाऊस येईल का?" टेवितानं पेन्सिल उचलून जानेलकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं फुली मारली.

वीसपैकी तेरा.

"तेरा म्हणजे पास," नेव चिपर बंद करून म्हणाला. "कुठल्याही शाळेत पास."

"शाळेत," जानेल शिडीवरून म्हणाली.

"हे तात्पुरते साचे आहेत. नवे आले की वाढतील."

"किती?"

"अठरा."

"मला वीस हवेत, नेव."

"ग्लिनला विचारलेस वीस प्रश्न? त्याला किती पडतात?"

ती उतरली, शेवटच्या पायरीवर बसली आणि त्याच्या कानातलं वाकडं झालेलं मशीन तिनं बोटानं नीट बसवलं. "कुठला रंग घेतलास हा?" ती म्हणाली. "तपकिरी काय, कानात बिस्कीट अडकल्यासारखं दिसतंय."

"केशरी नव्हता."

"केशरी असता तर बाईंना लांबून दिसला असता."

"बाईंना मीच लांबून दिसायला हवा होतो," नेव म्हणाला.

*

नवे साचे तीन जूनला आले. नेवनं ते चिपरच्या आवाजात एकट्यानं घालून पाहिले. किती ऐकू आलं ते त्यानं सांगितलं नाही. जानेलनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की परीक्षा परत घ्यायची नाही, आता पत्र येऊ दे, डॉक्टर काय ते सांगतील, तिला मोजत बसायला नको. त्याचं बरोबर होतं, असं टेविताचं मत. जानेलनं मत दिलं नाही. सुरक्षा कार्यालयातून एकदा फोन येऊन गेला. पत्राचं काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं.

मंगळवारी नेवनं दवाखान्यात स्वतः फोन केला, पुन्हा केला आणि पुन्हा केला. फोनवर त्याला आता बरं ऐकू येतं. बुधवारी, पाच तारखेला, सकाळी त्यानं बाईंच्या अंगणात मुरुमाचा शेवटचा थर दाबला. यंत्र बंद करून तो दुसऱ्या सायप्रसखाली गेला आणि वर बघत बराच वेळ उभा राहिला. त्या झाडाची कुठली फांदी कुठल्या बाजूला वळेल ते त्यानं टेविताला एक एक करून दाखवलं. टेवितानं सगळं लक्षात ठेवायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी पावणेपाचला टपाल आलं. त्यात पत्र नव्हतं. जानेलनं दवाखान्यात फोन लावला. पत्र टाइप झालंय, स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, सही राहिली आहे, डॉक्टर उद्या सकाळी येतात. पत्रात काय लिहिलंय ते तिनं सांगितलं नाही. शायरला नावं द्यायला दोन दिवस उरले होते आणि 'खाली कोण' याच्यापुढची जागा अजून रिकामी होती.